गाळलेल्या अकरा ओळी

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. उशिरा सांगितलं की लोकांना वाटतं बाई लपवत होती. आणि लपवायचा विचार माझ्या मनात आलाच नाही असं मी म्हणणार नाही. आला होता. आणि सकाळी पावणेदहाला त्याहून वाईट एक विचार येऊन चांगली वीस मिनिटं माझ्या खुर्चीशेजारी ठाण मांडून बसला.

मी कांचन. बिट्टन मार्केटच्या मागे एका ट्रस्टचं डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, तिथलं कॉम्प्युटरचं सगळं मी बघते. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मी आणि डॉक्टरांचा पासवर्ड हरवला तरी मीच. पण माझं खरं काम एकच, प्रतीक्षा यादी. नेत्रदानातून मिळालेले कॉर्निया, म्हणजे डोळ्यावरची ती काचेसारखी चकती, आमच्याकडे बसवतात. मिळतात थोडे आणि हवे असतात शेकडो लोकांना. मग रांग लावावी लागते. ज्याचे दोन्ही डोळे जाण्याच्या बेतात आहेत तो तातडीच्या रांगेत. ज्याचा एक डोळा चांगला आहे तो साध्या रांगेत. आधी तातडीची रांग संपवायची, मग साधी, आणि दोन्ही रांगांत ज्याची नोंद आधी झाली तो पुढे. रोज सकाळी आठला ही यादी कॉम्प्युटरमधून निघते आणि शोभाच्या टेबलावर जाते. कॉर्निया आला की शोभा पहिल्या नावाला फोन लावते.

मार्च महिन्यात शोभा माझ्यावर जाम वैतागली होती. एकेका माणसाचं नाव यादीत दोन-दोनदा येत होतं. आमचे पेशंट मोठे हुशार. एकदा नोंद केली, सहा महिन्यांत फोन आला नाही, की शिबिरात जाऊन परत नोंद करायची, न जाणो दुसरीचा नंबर आधी लागला तर. शोभा बिचारी त्याच माणसाला दोनदा फोन करायची आणि शिव्या खायची. दीदी, इसका कुछ करो, म्हणाली.

केलं मी. क्वेरीत, म्हणजे यादी काढायच्या हुकमात, एक शब्द घातला, डिस्टिंक्ट, आणि पुढे कंसात चार रकाने. पेशंटचं नाव, वडिलांचं किंवा पालकांचं नाव, मोबाइल, मोहल्ला. हे चारही जिथे सारखे असतील तिथे सगळ्यात जुनी नोंद तेवढी दाखवायची आणि बाकीच्या गाळायच्या. वय मी मुद्दाम घेतलं नाही. वयाचं आमच्याकडे काही खरं नसतं. तोच माणूस जानेवारीत पंचेचाळीस सांगतो आणि जूनमध्ये बावन्न. अर्ध्या लोकांचा जन्म एक जानेवारीचा. वय घेतलं असतं तर एकही डबल नोंद सापडली नसती. तर असा विचार करून, अगदी डोकं लावून मी ही चूक केली. यादी एकदम स्वच्छ झाली, शोभानं कचोरी खाऊ घातली आणि ट्रस्टच्या मीटिंगमध्ये माझं नाव निघालं. मी आठवडाभर मिरवत होते.

सप्टेंबरातल्या त्या बुधवारी यादीत पहिलं नाव होतं तारे, दत्तात्रय बाळकृष्ण. आनंद नगर. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. या हिंदी मुलखात आपलं मराठी नाव सगळ्यात वर. तातडीची रांग त्या दिवशी रिकामी होती आणि साध्या रांगेत हे सगळ्यात जुने. शोभानं आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं की दत्तात्रयजींचा नंबर आलाय, सकाळी आठला उपाशीपोटी या. कॉर्निया आमच्या फ्रिजमध्ये होता, त्या दिवशी संध्याकाळपर्यंतच चालणार होता.

सव्वानऊला शोभा माझ्या खोलीत आली. तिचं म्हणणं असं की ऑपरेशनसाठी जो मुलगा येऊन बसलाय तो एकोणीस वर्षांचा आहे आणि कागदावर वय आहे अठ्ठ्याहत्तर. नाव बरोबर, वडिलांचं नाव बरोबर, फोन बरोबर, घर बरोबर.

मला वाटलं टाइप करताना गडबड झाली असेल. बाहेर गेले. बाकावर तिघं बसले होते. एक म्हातारे गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, एका डोळ्यावर पांढुरका पडदा. शेजारी पन्नाशीचा मुलगा, आणि मध्ये नातू, मान जरा वर करून बघत होता, ज्यांना नीट दिसत नाही ते बघतात तसं. मी मराठीत विचारलं, दत्तात्रय बाळकृष्ण तारे कोण?

"दोघंही," म्हातारे म्हणाले.

पुढचं त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं, कारण आमच्या उज्जैनच्या घरात हेच आहे. माझा भाऊ सगळ्यांना वरुण म्हणून माहीत, पण दाखल्यावर तो गोविंद रामचंद्र, आणि आमचे आजोबाही गोविंद रामचंद्र. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं. मग आजोबांचे वडील आणि आजोबांचा मुलगा यांचं नाव आपोआप एकच येतं, आणि आजोबा-नातू कागदावर तंतोतंत एक माणूस होऊन बसतात. सुनेनं सासऱ्यांच्या नावानं पोराला हाका कशा मारायच्या म्हणून घरात दुसरं नाव. आमच्याकडे पोस्टमन आजोबांची पत्रं वरुणच्या हातात देऊन जायचा आणि आम्ही हसायचो. हे सगळं मला लहानपणापासून माहीत, आणि क्वेरी लिहिताना मात्र माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. शोभानं लिहिली असती तर तिला माफ होतं, तिच्या घरात अशी पद्धत नाही.

नातवाला घरी निनाद म्हणतात. डोळ्यांचा आजार त्यांच्या घराण्यातच. आजोबांचा एक डोळा गेलेला, पण दुसरा बरा चालतो, म्हणून ते साध्या रांगेत. निनादचे दोन्ही डोळे झपाट्यानं जायला लागले तेव्हा त्याचं नाव घातलं, तातडीच्या रांगेत. मोबाइल घरातला एकच दिला, निनादच्या वडिलांचा, बाळकृष्ण तारेंचा. काल फोन आला तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही की हा फोन आजोबांसाठी असेल. नंबर आला म्हणजे निनादचाच. रात्रीपासून पोरगं उपाशी होतं.

बाळकृष्ण तारे शोभाला विचारत होते की मग निनादचा नंबर कितवा आहे. शोभानं यादी वरपासून खालपर्यंत बघितली. त्याचं नावच नव्हतं.

मी खोलीकडे वळले तर आजोबा काठी टेकत मागे आले. दारातच उभे राहिले. तुम्ही आपल्यातल्या ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. आत या, बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

"ताई, नाव एकच आहे. वयाचा तेवढा आकडा बदला आणि पोराला आत घ्या. माझंच मी माझ्या नातवाला देतोय. कुणाचं काय जातंय त्यात?"

मनातून मला ते पटलं होतं. आकडा बदलला असता तर माझी चूकही त्याखाली कायमची गाडली गेली असती. एक मुलगा बघायला लागला असता, एक म्हातारा खूश झाला असता आणि मी परत कचोरी खायला मोकळी. पण आधी निनादची ओळ गेली कुठे ते बघणं भाग होतं. मी त्यांना म्हटलं, थांबा, मला दहा मिनिटं द्या.

क्वेरी उघडली, तो एक शब्द आणि तो कंस पुसला आणि परत चालवली. मार्चआधी यायची तशी लांबलचक, डबल नोंदींची यादी आली. मग गाळलेल्या ओळी तेवढ्या बाजूला काढून एकेक तपासायला बसले. बहुतेक खरोखरच डबल होत्या, तोच माणूस, तोच डोळा, तोच डॉक्टरांचा शेरा. पण अकरा ओळी तशा नव्हत्या. अकरा जिती-जागती माणसं होती, ज्यांना मी सहा महिने यादीतून पुसून टाकलं होतं. त्यातली नऊ साध्या रांगेतली. दोन तातडीची.

त्यातला एक निनाद. तारीख बघितली, गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली नोंद. म्हणजे आकडा-बिकडा बदलायची काही गरजच नव्हती. खऱ्या यादीत तो आजोबांच्या वरच होता, तातडीचा असल्यामुळे. मी त्या क्षणी देवाला हात जोडले. चूक कबूल करायची, खरी यादी काढायची, आणि कॉर्निया निनादलाच जाणार. मग दुसरी ओळ नीट वाचली.

पिंकी. वय नऊ. पालक, सुशीला दीदी. पत्ता, आनंद नगरच्या पुढे रायसेन रोडवर एक बालगृह आहे, तिथला. नोंद गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली. निनादच्या तीन महिने आधीची.

या पिंकीला मी का गाळलं ते लगेच दिसलं. त्याच बालगृहात अजून एक पिंकी आहे, चौदा वर्षांची, साध्या रांगेत, नोंद आणखी जुनी. अशा मुलांना आडनाव नसतं. पालक म्हणून सगळ्यांच्या पुढे सुशीला दीदी, फोन सगळ्यांचा बालगृहाच्या ऑफिसचा, मोहल्ला एकच. माझ्या कंसात दोघी मिळून एक झाल्या आणि मोठी पिंकी तेवढी उरली.

मग जे बघायला नको होतं तेही बघितलं. मार्चपासून तातडीच्या रांगेतल्या किती जणांना कॉर्निया मिळाले? नऊ. छोट्या पिंकीचा नंबर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यायला हवा होता, आणि निनादचा त्याच्याच पुढच्या आठवड्यात. आज हा प्रश्नच उभा राहायला नको होता. दोघांनीही आत्तापर्यंत शाळा-कॉलेज सुरू केलं असतं.

मी डॉक्टर शर्वरी मॅडमकडे गेले. ऑपरेशन त्याच करणार होत्या. सगळं सांगितलं, एका दमात, कारण मध्ये थांबले असते तर काहीतरी वगळलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन्ही याद्या हातात घेऊन बघत राहिल्या आणि म्हणाल्या की आज खरी यादी चालेल, फोन कर, नियमाप्रमाणे तीन वेळा, नाही उचलला तर पुढचं नाव. मुलीनं सातला नाश्ता केला असेल तरी तीनला घेता येईल, फक्त तिनं आता परत काही खायला नको. साडेदहाला मला नाव सांग, फ्रिजमधल्या कॉर्नियाचं घड्याळ चालू आहे.

खोलीत परत आले. पावणेदहा. शोभाला बाहेर काढलं आणि फोन स्वतः घेतला.

पहिला फोन. वाजून वाजून बंद. दुसरा फोन. तसाच.

तिसरा लावायला बोट पुढे केलं आणि नजर नोंदीच्या शेवटच्या रकान्यावर गेली. शेरा: ऑफिस दहाला उघडते, फोन दहानंतर करावा.

आता इथे मी तुम्हाला माझं खरं रूप सांगते. नियमात तीन फोन लिहिलेत. मध्ये किती वेळ सोडायचा ते कुठेही लिहिलेलं नाही. शोभा पाच मिनिटांत तिन्ही लावून मोकळी होते. मी त्या मिनिटाला तिसरा फोन लावला असता, तो कुणी उचलला नसता, कारण ऑफिसला कुलूप होतं. वहीत लिहिलं असतं, तीनदा प्रयत्न केला, उत्तर नाही. बाहेर बाकावर निनाद बसलाच होता, उपाशी, तयार. कॉर्निया आपल्या माणसाला मिळाला असता आणि जगात कुणी माझ्याकडे बोट दाखवू शकलं नसतं. दाराच्या काचेतून आजोबा मला दिसत होते. मी मान वर केली की ते सरळ होऊन बसायचे. त्या पोरीच्या बाजूनं बाकावर कुणीच बसलेलं नव्हतं. तिला तर माहीतही नव्हतं की तिचं काही चाललंय.

घड्याळ पुढे सरकेना. मी फोन उचलायची, ठेवायची. मला खरोखर वाटत होतं की काहीतरी व्हावं, लाइट जावी, फोन बंद पडावा, कुणीतरी येऊन माझ्या हातातून हे काम काढून घ्यावं. दहा वाजले. म्हटलं कुलूप उघडायला वेळ लागतो. दहा पाचला तिसरा फोन लावला. एक रिंग, दोन, तीन, चार. पाचव्या रिंगला मी मनात म्हणत होते, नका उचलू, नका उचलू. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

सहाव्या रिंगला उचलला. सुशीला दीदीच होत्या. मी सांगितलं की छोट्या पिंकीचा नंबर आलाय, आजच, आत्ताच. त्या म्हणाल्या की त्यांनी दोनदा येऊन विचारलं होतं, दोन्ही वेळेला काउंटरवर उत्तर मिळालं की पिंकीचं नाव आहे, नंबर यायचाय. मी म्हटलं हो, माझी चूक आहे, तिला काही खायला देऊ नका आणि रिक्षा करा.

आता तारेंना सांगायचं होतं. शोभा म्हणाली मॅडमना सांगू दे. मी म्हटलं नको, मी सांगते. बाकासमोर उभी राहिले. बसले नाही, बसायची माझी लायकी नव्हती. सगळं सांगितलं, एप्रिलचंही सांगितलं.

बाळकृष्ण तारे उठून उभे राहिले. माझ्यापेक्षा चांगले हातभर उंच, पण आवाज चढवला नाही.

"एप्रिलमध्ये त्याला फळ्यावरचं दिसत होतं," ते म्हणाले. "त्यानं परीक्षा दिली होती."

निनाद वडिलांचा हात ओढत होता, बाबा बसा ना, म्हणत होता. मग मला विचारलं, आता माझा कितवा? मी म्हटलं पहिला. तातडीच्या रांगेत तू एकटाच आहेस, पुढचा कॉर्निया येईल तो तुझा. कधी येईल ते मी सांगू शकत नाही. त्यानं मान हलवली आणि म्हणाला की मग आता खाऊ का, जाम भूक लागली आहे. बाळकृष्ण त्याला खांद्याला धरून खाली घेऊन गेले, समोरच्या टपरीवर पोहे मिळतात. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघू नये हे बरोबरच होतं.

आजोबा मात्र बसून राहिले. मग काठी टेकत माझ्या खोलीत आले, आणि या वेळी खुर्चीवर बसले. मला वाटलं आता हे बोलतील, आपल्यातली म्हणून विश्वास ठेवला वगैरे. मी ऐकून घ्यायची तयारी ठेवली होती. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"माझं नाव काढून टाका यादीतून. नाव मागे घ्यायचा काही कागद असेल तर द्या."

मी म्हटलं काका, आता गरज नाही. क्वेरी मी सुधारली आहे, पेशंटचा नोंदणी क्रमांकच धरलाय, आता दोघांची गल्लत होणार नाही. तुमचा नंबर तुमच्या जागी, त्याचा त्याच्या जागी. तुम्ही दोन वर्षं थांबलाय.

ते हसले, पण बरं वाटावं असं नाही. म्हणाले की तीस वर्षं त्यांनी कारखान्यात स्टोअर सांभाळलं. दोन सारख्या पेट्या शेजारी ठेवल्या की कधीतरी चुकीची उचलली जातेच, मग चिठ्ठ्या कितीही लावा. त्यांना दुसऱ्या डोळ्यानं पेपर वाचता येतो, तेवढं पुरतं. पुढचा फोन येईल तेव्हा तिथे एकच दत्तात्रय बाळकृष्ण पाहिजे. आणि निनाद वर यायच्या आत हे उरका, नाहीतर भांडत बसेल.

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या पेशंटची इच्छा असेल तर देता येतो फॉर्म, पण त्याला समजावून सांग की परत नोंद केली तर रांगेच्या शेवटी जाईल. सांगितलं. ते म्हणाले समजलं. फॉर्म भरला. खाली सही केली, ठळक, जुन्या वळणाची.

मी यादी उघडली. दोन ओळी एकाखाली एक. नाव तेच, वडील तेच, मोबाइल तोच, मोहल्ला तोच. मार्चमध्ये एका शब्दानं मी कितीतरी ओळी उडवल्या होत्या आणि चहा पण थंड झाला नव्हता. आता एकच ओळ काढायची होती. एकीवर बाण नेला. क्रमांक वाचला. परत वाचला. फॉर्मशी ताडून बघितला. तरी धीर होईना. मग मी तोंडानं मोठ्यानं वाचलं, तारे, दत्तात्रय बाळकृष्ण, वय अठ्ठ्याहत्तर, साधी रांग, डावा डोळा. विचारलं, काका, हीच ना?

ते खुर्चीवरून पुढे झुकले. चांगला डोळा पडद्याच्या अगदी जवळ आणला आणि ती ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली.

"हीच," ते म्हणाले. "हा मी."